पुलापलीकडचा शिक्का

आमच्या डोक्यावरचा उड्डाणपूल पाडू नये, असा अर्ज मीच लिहिला. पूल पंचेचाळीस वर्षांचा होता आणि खालून त्याचे पोपडे गळत होते. तो काढायचा, रस्त्याच्या मधोमध बसची वेगळी वाट आणि थांबा करायचा, पांढरे पट्टे मारून लोकांना जमिनीवरूनच पलीकडे जाऊ द्यायचं, असं ठरलं होतं. अर्जात मी धूळ, गर्दी, दुकानांचं नुकसान असं बरंच काही लिहिलं. खरं कारण लिहिलं नाही. खरं कारण प्यो संग-ग्यू हे होतं.

मी नावांचे शिक्के कोरतो; आमच्याकडे सहीऐवजी माणसं तेच मारतात. माझं दुकान रस्त्याच्या उत्तरेला, प्योचं दक्षिणेला. अख्ख्या सोलमध्ये आता यंत्रं शिक्के कोरतात. आम्ही दोघं अजून हातानेच. छत्तीस वर्षांत मी त्याच्या दुकानात कधी गेलो नव्हतो, पण बँकेच्या कागदांवर त्याचं काम पाहिलं होतं. त्याच्या अक्षरांची टोकं अशी निमुळती होत जातात की ती कोरलेली वाटत नाहीत, लिहिता लिहिता वाळलेली वाटतात. माझी अक्षरं शाळेतल्या रांगेसारखी उभी राहतात. पूल होता म्हणून बरं होतं. त्याच्या खालून रस्ता ओलांडता येत नसे; पलीकडे जायला वेगळ्या पादचारी पुलाच्या बावन्न पायऱ्या चढाव्या लागत, एवढं कोण करतंय? पट्टे आले असते तर प्यो चाळीस पावलांवर आला असता.

अर्ज घेऊन मी आमच्या बाजूची दारं फिरलो. खाणावळवाल्या ओक-बुनने न वाचताच शिक्का मारला.

"वाचा तरी," मी म्हणालो.

"तुम्ही लिहिलंय ना, बांगदादा? मग वाचायचं काय त्यात? बसा, सूप घ्या."

एकोणीस शिक्के झाले. सगळ्यात वर अर्जदाराची, म्हणजे माझी, जागा रिकामी ठेवली होती. अर्ज शुक्रवारी द्यायचा होता. गुरुवारी जेवणानंतर, शिक्के नीट उमटलेत की नाही ते पाहायला मी भिंग घेतलं.

अकरा शिक्के प्योने कोरलेले होते. ओक-बुनचा, औषधवाल्याचा, वरच्या मजल्यावरच्या शिंप्याचा. दहाव्या ओळीत माझ्या बायकोचाही.

माल-सुक आत मुळा चिरत होती. मी कागद तिच्यापुढे धरला.

"हा शिक्का कुठला?"

"माझाच."

"मी कोरलेला कुठे गेला?"

"त्याला तडा गेला. झाली की चार वर्षं."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही नवा करून दिला असता." तिने सुरी खाली ठेवली. "अहो, तुमचा चांगलाच होता. पण त्यात माझं नाव कसं रागावल्यासारखं दिसायचं."

"आणि तुझे गुडघे? बावन्न पायऱ्या आहेत."

"हळूहळू चढले."

त्याच दुपारी मीही चढलो. तिथे जाऊन काय करायचं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

प्यो माझ्याहून बारीक निघाला. मान वर न करता म्हणाला, "बसा, साहेब. नाव काय घालायचं?"

"बांग."

"पलीकडून आलात का? धापा टाकताय म्हणून विचारलं. पलीकडून बरेच येतात. तिकडे कोरणारा कुणी नाही का?"

"आहे एक."

"कसा आहे?"

"बरा आहे."

"मग एवढं चढायचं कशाला?"

त्याने लाकडाचा ठोकळा घेतला आणि कच्चं न काढता त्यावर थेट उलटं अक्षर लिहायला लागला. मी आधी कागदावर चारदा काढतो. त्याच्यापुढच्या तयार शिक्क्यांवर, वरची बाजू दाखवणारी खाचही नव्हती. ती कुठे गेली, असं मी विचारलं.

"शिक्का मारण्याआधी माणसाने तो उलटून एकदा बघावा," तो म्हणाला. "तेवढ्यात मन बदललं तर बदललं."

माझ्या गुरूंनीही मला हेच शिकवलं होतं. गिऱ्हाईक खोळंबतं म्हणून मी खाच करत आलो. "उद्या येतो," असं सांगून मी उठलो आणि पुन्हा गेलो नाही.

शुक्रवारी सकाळी अर्जदाराच्या जागेवर मी माझा शिक्का नेला आणि हात थांबला. पूल राहावा की नाही, याचा विचार तेव्हा डोक्यात नव्हता. हा कागद कार्यालयात वर्षानुवर्षं राहणार होता. वर माझा शिक्का, खाली त्याचे अकरा. कधीतरी कुणीतरी तो उघडून पाहणारच. मी कागदाची घडी करून चुलीत घातली.

"आपल्या अर्जाचं काय झालं?" ओक-बुनने आठवड्याने विचारलं.

"हरवला."

"बरं झालं. मला तर बस दारात आलेली हवीच आहे. तुमच्या तोंडाकडे बघून मारला होता शिक्का."

उन्हाळ्यात पुलाचा आमच्यासमोरचा तुकडा क्रेनने उचलून नेला. माझ्या टेबलावर पहिल्यांदाच ऊन आलं. समोर, रस्त्यापलीकडे, प्योची काच दिसायला लागली. आत दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. मी टेबल फिरवून भिंतीकडे केलं.

"उजेडाकडे पाठ करून कुणी कोरतं का?" माल-सुकने विचारलं.

"डोळ्यांना त्रास होतो," मी म्हणालो.

हातावर सावली पडते. पण सवय होईल.