शेजारची खरखर

तारमास्तरांनी मेन स्विच खाली ओढला आणि स्वयंपाकघरातला मिक्सर मध्येच गप्प झाला.

"आता काय बंद केलंत?" आतून बायकोने विचारलं.

"सगळंच. दोन मिनिटं थांब."

"आठवडाभर तुमची दोन मिनिटंच चालली आहेत."

सेलवर चालणारा छोटा रेडिओ कानाशी धरून तारमास्तर भर दुपारी पॅसेजमध्ये उभे राहिले. पंखे थांबले होते, फ्रिज थांबला होता, तरी रेडिओत खरखर होतीच. गेल्या आठ दिवसांत त्यांनी ट्यूबलाइट उतरवली होती, मोबाइलचे चार्जर ड्रॉवरमध्ये कोंडले होते आणि बायकोच्या इस्त्रीला नाही नाही ते बोलून घेतलं होतं. बिचारी इस्त्री निर्दोष निघाली. मेन स्विच खरं तर पहिल्याच दिवशी ओढायचा, पण थकलेल्या माणसाला साधी गोष्ट सगळ्यात शेवटी सुचते.

थकायला कारणही तसंच होतं. दर शनिवारी चार वाजता ते हॅम रेडिओवर, म्हणजे घरच्या हौशी बिनतारी संचावर, आपल्या थोरल्या भावाशी बोलत. दोघांचीही सगळी नोकरी तार ऑफिसात झाली. बदल्यांनी दोघांना दोन टोकांना नेऊन टाकलं, तेव्हापासूनचा हा शनिवार. फोन दोन्ही घरी होते. पण फोनवर दादा "बरंय, बरंय" म्हणून तो वहिनीच्या हातात देऊन मोकळा व्हायचा. रेडिओवर मात्र तासभर बोलायचा, लहानपणच्या विहिरीपासून गुडघ्यांच्या दुखण्यापर्यंत. आणि आता त्याच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार होते. हा शनिवार दादाच्या आवाजाचा शेवटचा शनिवार होता, आणि नेमक्या त्याच वेळी ही खरखर कुठून तरी उपटली होती.

"तारेवर बोलू की," मागच्या शनिवारी खरखरीतून दादा कसाबसा म्हणाला होता. "मोर्सचं डिट-डा कसल्याही खरखरीतून ऐकू येतं. ओव्हर."

"ते पुढे आहेच जन्मभर," तारमास्तर चिडून म्हणाले होते. "मला तू बोललेलं ऐकायचंय. ओव्हर."

रेडिओ हातात धरून ते भिंतीभिंतीने सरकत गेले. शेजारच्या भिंतीपाशी खरखर एकदम वाढली. पायात चपला सरकवून ते तसेच शेजारी गेले.

शेजारीण घरी शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या धरूनच तिने दार उघडलं. सगळं ऐकून घेतलं, शिलाई मशीन बंद केलं. काही फरक नाही. दिवा, टीव्ही, काही फरक नाही. आतल्या खोलीत तिची आई अंथरुणाला खिळलेली. पलंगाच्या पायथ्याशी हवेच्या गादीचा छोटा पंप गुरगुरत होता. तारमास्तरांनी रेडिओ त्याच्याजवळ नेला आणि रेडिओ किंचाळलाच.

"जुना बिघडला, म्हणून मागच्याच आठवड्यात हा आणला," शेजारीण म्हणाली. तिने टाचण्या हातात काढून घेतल्या. "काका, बाकी काय सांगाल ते बंद करते. पण हे नको. गादी बसली की आईच्या पाठीला जखमा होतात. आत्ता कुठे भरत आल्यात."

"छे छे, हे कसं बंद करायचं," तारमास्तर म्हणाले. त्यांनी घरून खरखर अडवणारी फेराइटची कडी आणून पंपाच्या वायरवर चढवून पाहिली. एक सोडून तीन चढवल्या. खरखर तसूभरही हलली नाही.

"शनिवारी अर्धा तास बंद ठेवू का?" तिने मागून, जरा घाबरतच विचारलं.

मोह झाला त्यांना. फार झाला. पलंगावरची म्हातारी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"नको," ते म्हणाले आणि घरी आले.

शनिवारी चारला त्यांनी सेट लावला, हेडफोन चढवले आणि दात आवळून खरखरीची वाट पाहिली. खरखर नव्हतीच. अगदी धुऊन पुसून ठेवल्यासारखी शांतता, आणि तिच्यात दादाचा घोगरा, खरा आवाज.

"ऐकू येतंय का रे, छोट्या? ओव्हर."

"दादा! शेजारी बसल्यासारखा ऐकू येतोयस! बोल, बोलत राहा. ओव्हर."

दादा बोलू लागला. भीती वाटते म्हणाला. हे त्याने आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. तारमास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी डोळे पुसले आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं.

खरखर नाही, म्हणजे पंप बंद आहे.

तिने मुद्दाम बंद केला असेल, आपल्यासाठी. असेल. नसला तर? दादाला थांब म्हणायचीही सोय नव्हती; तो ओव्हर म्हणेपर्यंत इकडचा शब्द तिकडे जात नाही. तारमास्तरांनी हेडफोन टेबलावर ठेवले. त्यातून दादा बारीक आवाजात बोलतच होता. ते उठले.

शेजारचं दार नुसतं लोटलेलं होतं. शेजारीण मशीनवर डोकं टेकून गाढ झोपली होती, कात्री अजून बोटांत होती. आत गादी चपाती झाली होती. म्हातारी फळीवर पडल्यासारखी पडून होती. तोंडातून आवाज निघत नव्हता, नुसते ओठ हलत होते. इस्त्रीसाठी पंपाचा प्लग काढला होता आणि परत लावायचा राहून गेला होता. इस्त्री केव्हाच थंड झाली होती. तारमास्तरांनी प्लग लावला. पंप गुरगुरला. गादी भरेपर्यंत ते म्हातारीचा हात धरून उभे राहिले. मग शेजारणीला हलवून जागं केलं.

"गादी बसली होती. आता लावलाय पंप. पाठ बघून घ्या जरा."

"अगं बाई! आई!" म्हणत ती आत धावली.

घरी येऊन त्यांनी हेडफोन चढवले. खरखर, दुसरं काही नाही. दादा कुठे तरी तिच्या तळाशी बोलत होता की थांबला होता, तेही कळेना. बायको येऊन दारात उभी राहिली.

तारमास्तरांनी माइकचं बटण दाबलं.

"दादा, खरखर परत आली. मीच लावून आलो. मधलं तुझं बोलणं मी ऐकलं नाही. तारेवर ये. ओव्हर."

मग खरखरीतून डिट-डा आलं, बारीक पण स्वच्छ. अक्षराच्या शेवटी 'डा' आला की त्याची रेघ जराशी लांबवलेली. तार ऑफिसात या लांब रेघेवरून साहेब दादाला ओरडायचे, आणि दुसऱ्या टोकाला बसलेले तारमास्तर नाव यायच्या आधीच ओळखायचे, दादाच बसलाय.

"ऐकू येतोय का?" बायकोने विचारलं.

तारमास्तरांनी पेन्सिल उचलली, पण लिहिलं काहीच नाही. लिहायची गरजच नव्हती.

"येतोय," ते म्हणाले. "दादाच बोलतोय."