शेवटच्या गाण्यानंतर

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. तेव्हा फोन बोलण्यापुरताच होता, आणि गाणी ऐकायचे काडेपेटीएवढे प्लेअर नुकतेच दुकानांच्या काचेत मांडलेले दिसू लागले होते. त्यातला एक चिमीला निवडायचा होता.

चिमी म्हणजे कोणी लहान मुलगी नव्हे. पन्नाशी मागे टाकलेली, चौकातल्या लाँड्रीचा कारभार एकहाती बघणारी बाई. पण बापाने एकदा चिमी म्हटलं ते म्हटलं, आणि ती पुढे कितीही जाड झाली, तिचे केस कितीही पिकले तरी चिमीच राहिली. गिऱ्हाइकांना मात्र तिचा धाक होता. कपडा हातात आला की ती आधी उजेडाकडे धरायची, खिसे उलटे करायची, आणि डाग कशाचा ते समोरच्याच्या तोंडावर सांगायची. "हा चहा नाही, शाई आहे. खरं सांगा म्हणजे निघेल." डाग राहिलेला कपडा तिच्या हातून कधी परत गेला नाही. याचा तिला अभिमान होता, आणि तो तिने कधी लपवलाही नाही.

घरात ती आणि बाबा अशी दोनच माणसं. बाबांचा जन्म छापखान्यात यंत्रावर गेला होता. त्या धडधडीने त्यांचा डावा कान पार निकामी केला होता आणि उजवाही निम्मा खाल्ला होता. दाराची बेल वाजली तर ऐकू यायची नाही. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या मूत्रपिंडांनीही राम म्हटला, आणि दिवसाआड हॉस्पिटलात जाऊन रक्त धुवून घ्यायचं काम मागे लागलं. "घे, आता मीही तुझं गिऱ्हाईक," ते चिमीला म्हणाले होते. पहिले काही महिने असे थट्टेत गेले.

मग एका सकाळी एक मोजा चढवून झाला आणि दुसरा हातातच राहिला. बाबा तो नुसता बघत बसले.

"बाबा, गाडी आलीय."

"येऊ दे. मी येत नाही, चिमे. आजही नाही, परवाही नाही."

"असं कसं?"

"अर्धा दिवस त्या खुर्चीत हात ताणून बसायचं. समोर तो टीव्ही किंचाळतो, तो मला ऐकू येत नाही, नुसती तोंडं हललेली दिसतात. कशासाठी बसायचं?"

न बसल्यास काय होईल ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. फार दिवस काढणार नाहीत. चिमीने रागावून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी ती त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "काय केलं म्हणजे बसाल, ते तरी सांगा."

बाबांनी हातातला मोजा उलटासुलटा केला. "तुझ्या आईच्या कॅसेटी तिथे ऐकता आल्या, तर बसेन."

आईच्या कॅसेटी म्हणजे बुटांच्या खोक्यात भरलेली रेडिओवरची गाणी. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तिने वर्षानुवर्षं ती टिपली होती. टेपरेकॉर्डर आता रीळ चावायला लागला होता आणि हॉस्पिटलात तो धोंडा कोणी नेऊ दिला नसता. म्हणून प्लेअर.

चौकाच्या दुसऱ्या टोकाला वायरवाल्याचं दुकान होतं. दुकानात सगळीकडे वायरी लोंबायच्या म्हणून हे नाव. माणूस बोलघेवडा आणि हसरा. त्याचे सदरे चिमीकडेच धुवायला यायचे.

"या ताई! कोणासाठी? भाचीसाठी का?"

"वडिलांसाठी."

"वाः! मग हा बघा. रंगीत पडदा, फोटोसुद्धा दिसतात."

"ते डोळे मिटून बसणार आहेत, फोटो काय करायचेत? बटणं कुठायत?"

"बटणं नाहीतच! नुसतं बोट फिरवायचं."

"मग नको. एक हात सुईला अडकलेला असतो त्यांचा. दुसऱ्या हाताने, न बघता, चाचपून लावता आलं पाहिजे. आणि मध्येच बॅटरी संपणारा नको."

तिने एकेक प्लेअर डाव्या हातात घेतला आणि चक्क डोळे मिटून उभी राहिली. एक फार गुळगुळीत होता, साबणासारखा निसटायचा. एकाची बटणं इतकी बारीक की बाबांच्या अंगठ्याखाली चार येतील. शेवटी एक साधा राखाडी प्लेअर हातात आला. त्याचं बटण शर्टाच्या बटणासारखं उठून लागत होतं. अंगठा आपोआप तिथे जाऊन बसला.

"हाच."

"ह्याचाच जुळा भाऊ आहे," वायरवाला म्हणाला, "त्यात आवाज भरूनही घेता येतो. ह्यात नाही. ह्यात नुसतं ऐकायचं."

"आवाज कोणाचा भरायचाय? आमच्या घरात बोलतंय कोण!" चिमी म्हणाली, आणि साधाच घेतला.

कॅसेटींचं खोकं तिने बरोबर आणलं होतं. कॅसेटीतली गाणी प्लेअरमध्ये भरायचं काम तो मागच्या खोलीत करायचा. त्याने एक कॅसेट लावून पाहिली. "गाणी चांगली आहेत. पण दोन गाण्यांच्या मध्ये खुडबुड आहे, खटके आहेत. ठेवू की काढू?"

चिमीच्या तोंडून जन्माच्या सवयीने उत्तर गेलं. "काढा. एकही डाग राहता कामा नये."

"आणि ह्या कॅसेटी परत हव्यात?"

"बुरशी आलीय त्यांना. टाकून द्या."

पुढच्या खेपेला बाबा दोन्ही मोजे चढवून तयार होते. सिस्टरने सुई लावली, चिमीने त्यांच्या उजव्या कानात इअरफोनचं बोंडूक बसवलं, अंगठा बटणावर गेला. शेजारच्या खुर्चीतले मास्तर, म्हणजे पोहायला शिकवणारे एक निवृत्त गृहस्थ, हसून म्हणाले, "आता काय, आमच्याशी बोलणं बंद!" बाबाही हसले. त्यांनी डोळे मिटले. पहिलं गाणं संपलं, दुसरं लागलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिसऱ्या गाण्यानंतर त्यांनी बोंडूक काढून ठेवलं.

"काय झालं? आवाज कमी आहे का?"

"आवाज आहे. ती नाही यात."

"कोण नाही?"

"तुझी आई."

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. असं काही सांगायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात आली नव्हती, म्हणून तुटक तुटक सांगितलं. आई गाणं टिपायला बसली की घरात कोणी हलायचं नाही. गाण्याची शेवटची ओळ आली की ती श्वास रोखायची. बोट खटक्यावर, नजर रेडिओवर, निवेदकाचा आवाज आत शिरता कामा नये. गाणं पूर्ण सापडलं की ती श्वास सोडायची, आणि मग खटका दाबायची. तो श्वास टेपवर यायचा.

"प्रत्येक गाण्यानंतर," बाबा म्हणाले. "गाणं नीट मिळालं की लांब. निवेदक मध्येच बरळला की रागाचा, नाकातून. मी कामावरून आलो की दाराबाहेर थांबायचो. बूट वाजतील म्हणून. खटका ऐकू आला की विचारायचो, झालं का? मग ती म्हणायची, झालं, या."

"तुम्हाला तो श्वास ऐकू येतो, बाबा? बेल ऐकू येत नाही तुम्हाला."

"बेल कशाला ऐकू?" ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

चिमी तशीच पायात चप्पल सरकवून धावली. वायरवाल्याने कॅसेटी भंगारात दिल्या होत्या. गाणी भरतानाच मधल्या जागा कापल्या होत्या, त्यामुळे त्याच्या संगणकातही काही शिल्लक नव्हतं. तिला घाम फुटलेला पाहून तो बिचारा तिला स्टूल द्यायला लागला. "ताई, काय होतं त्यात?"

"डाग होता," चिमी म्हणाली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "तुमच्याकडे आवाज भरायचा माईक आहे ना?"

मागच्या खोलीत खोक्यांच्या ढिगात ती माईकसमोर बसली. वायरवाला गाणं लावी. शेवटची ओळ आली की चिमी श्वास रोखी. समोर रेडिओ नव्हता, निवेदक नव्हता, पण बोट तिने टेबलाच्या कडेवर टेकवून ठेवलं होतं. गाणं संपलं की सोडायचा. पहिले काही श्वास खोटे वाटले, ते पुन्हा घेतले. नंतर तिला जमायला लागलं. आई खांदे थोडे उचलून बसायची हे आठवलं आणि तिचेही खांदे वर गेले. एकदा तर वायरवाला मान वर करून म्हणाला, "ताई, तुम्ही वेगळ्याच दिसताय हो." तिने त्याला गप्प बसायची खूण केली.

शेवटचं गाणं आईचं सगळ्यात आवडतं होतं. त्याची शेवटची ओळ आली, चिमीने श्वास रोखला, आणि तो सुटला तेव्हा हुंदकाच बाहेर पडला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच.

"राहू द्या," वायरवाला हळूच म्हणाला. "इथे कोरी जागा ठेवतो. काहीच नाही टाकत."

पुढच्या खेपेच्या सकाळी बाबा कसेबसे तयार झाले, चिमीने हातापाया पडून तयार केलं म्हणून. ते खुर्चीत बसल्यावर तीच खाली मान घालून उभी राहिली. पहिलं गाणं संपलं असावं. बाबांचा अंगठा बटणावरून उचलला गेला. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"आहे," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी एकही खेप चुकवली नाही. मोजे स्वतः चढवायचे, प्लेअर स्वतः चार्जिंगला लावायचे. चिमीला वाटलं, निभावलं. तिला लाजही वाटायची आणि बरंही वाटायचं.

एकदा सिस्टर तिला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचे बाबा शेवटी शेवटी कोणाशी तरी बोलतात हो."

"काय बोलतात?"

"मान उजवीकडे वळवतात, जरा थांबतात आणि विचारतात, झालं का? मला वाटलं मलाच विचारतात. मी म्हटलं, झालं आजोबा, काढते सुई. तर म्हणाले, तुम्हाला नाही."

मास्तरांनीही ते पाहिलं होतं. "दर खेपेला तेच गाणं संपल्यावर, मलाही ऐकू येतं इथवर," ते म्हणाले. नेहमी थट्टा करणारे मास्तर, पण हे सांगताना हसले नाहीत. "आणि मग चेहरा असा होतो, जणू कोणी दार उघडलंय."

चिमीने विचारलं नाही. शेवटच्या गाण्यानंतर काय आहे, ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तिथे काही नव्हतंच.

अशी दोन वर्षं गेली. बाबा अगदी थकले. एका दुपारी गाडीतून घरी येताना त्यांनी प्लेअर तिच्या मांडीवर ठेवला.

"चिमे, तुझे श्वास चांगले झालेत."

तिने प्लेअर पिशवीत ठेवायला उचलला, तो हातातच राहिला.

"पहिल्या दिवशीच कळलं. तुझा जरा घाईचा आहे, गिऱ्हाईक उभं असल्यासारखा. पण खांदे तिच्यासारखे उचलले असशील, ते ऐकू येतं. एवढं कोणी कोणासाठी करत नाही, म्हणून बसलो. शेवटच्या गाण्यानंतरचा मात्र तिचाच आहे. तो तुला कुठे सापडला?"

गाडी वळली. चिमीने खिडकीबाहेर बघत सांगितलं, "होता एका कॅसेटीत."

"लांब आहे," बाबा समाधानाने म्हणाले. "गाणं पूर्ण मिळालं तिला."

त्याच महिन्यात ते झोपेत गेले.

प्लेअर बरेच दिवस लाँड्रीच्या खणात पडून होता. मग एका भर दुपारी, रस्त्यावर रहदारी असताना, चिमीने इस्त्र्या बंद केल्या आणि बोंडूक कानात घातलं. एकेक गाणं ऐकत गेली. प्रत्येक गाण्यानंतर तिचा स्वतःचा श्वास, घाईचा, गिऱ्हाईक उभं असल्यासारखा. शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ आली. तिने खांदे उचलले, तोंडावर हात धरला आणि श्वास रोखला. गाणं संपलं. तिचा श्वास छातीत तसाच होता, त्यामुळे जो ऐकू आला तो तिचा नव्हता. तो लांब होता. त्यामागे एक खटका वाजला.

चिमीला भीती वाटायला हवी होती. तिने नुसतं विचारलं, "झालं का?"

मास्तरांना पुढे त्यांच्या बहिणीने मूत्रपिंड दिलं. ते पुन्हा तलावाच्या काठावर शिट्टी वाजवत उभे राहू लागले आणि पुष्कळ जगले. सिस्टर दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात मुख्य झाली, आणि पेशंट कोणाशी बोलत असेल तर मध्ये उत्तर द्यायचं नाही असं ती नव्या मुलींना शिकवते म्हणतात. वायरवाल्याच्या दुकानात आता फोनची कव्हरं विकली जातात. चिमी भेटली की तो आजही शपथेवर सांगतो, त्या जागी त्याने काही टाकलं नव्हतं, आणि त्या प्लेअरमध्ये आवाज भरायची सोयही नव्हती. चिमी म्हणते, "माहीत आहे, मीच निवडला होता."

लाँड्री तिने विकली. आता ती सत्तरीपुढे आहे आणि तिचाही एक कान दगा देतो आहे. प्लेअरची बॅटरी फुगली, तो सुरू होत नाही, आणि दुरुस्त करून घे म्हटलं तर ती नको म्हणते. संध्याकाळी बाहेरून आल्यावर ती आधी चप्पल हातात घेते आणि आपल्याच बंद दारापाशी क्षणभर थांबते. मग कुलूप उघडते.