बिनविरोध

आनंद मकासरेंनी नावावर पट्टी ठेवली आणि लाल पेनानं सरळ रेघ ओढली. मग चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले,

"उजागरेबाई बाद."

रविवारची उपासना नुकतीच संपली होती. चर्चच्या मागच्या खोलीत विश्वजीत रणभिसे टेबलाला टेकून चहा पीत होते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांची, म्हणजे चर्चच्या कमिटीतल्या सभासदांची, निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती आणि उमेदवारांची यादी तपासायचं काम खजिनदार म्हणून मकासरेंकडे होतं. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. नियम म्हणजे नियम.

"का बाद?"

"वर्षभराचं दान पूर्ण नाही. मंडळीच्या घटनेत स्पष्ट लिहिलंय, ज्याचं दान नियमित नाही त्याला वडील म्हणून उभं राहता येत नाही. मी नाही लिहिलेलं." मकासरेंनी पेनाला टोपण लावलं. "त्या गेल्या म्हणजे पाच जागांना पाच नावं. निवडणूकच नाही. तुम्ही काय, नेहमीचेच बिनविरोध."

विश्वजीत हसले. बारा वर्षं ते असेच निवडून येत होते. शिवण्याला त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. चर्चच्या नव्या छताचं लोखंड तिथूनच आलं होतं, फुकट. मंडळीत सर्वांत मोठं दान त्यांचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे, हे त्यांना मनातून आवडायचं.

दुपारी आजाऱ्यांच्या भेटीची पाळी त्यांची होती. कसब्यातल्या त्या बोळात गाडी जात नाही, म्हणून ती लांब लावून ते चालत निघाले. श्रीधर आढाव, एके काळचे ड्रॉइंगचे मास्तर, तीन महिने अंथरुणाला खिळले होते. मुलगा नोकरीनिमित्त खराडीला, शनिवारी येऊन जायचा.

दार उघडंच होतं. आत सत्यशीला उजागरे मास्तरांचा पाय मांडीवर घेऊन नखं कापत होत्या. साठीच्या पुढच्या, बारीक चणीच्या बाई. आयुष्यभर एका खाजगी दवाखान्यात नर्स होत्या, पेन्शन नाही. आता पेठेत घरोघरी इंजेक्शनं देऊन त्यांचं भागायचं.

विश्वजीत खुर्ची ओढून बसले. तब्येत विचारली, शहाळी टेबलावर ठेवली, प्रार्थना केली. प्रत्येक घरी करत तीच, चार वाक्यांची. आमेन म्हणून त्यांनी डोळे उघडले, तर मास्तर त्यांच्याकडेच बघत होते.

"रणभिसे, मला भीती वाटते हो."

विश्वजीतचा हात आपसूक खिशाकडे गेला. खिशात मंडळीचं पाकीट होतं, औषधांसाठीचं. ते काढावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

"वाटू दे, मास्तर," सत्यशीलाबाई नखांवरून नजर न काढता म्हणाल्या. "मी आहे पाचपर्यंत."

मास्तरांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा श्वास संथ झाला. विश्वजीत खुर्चीत तसेच बसून राहिले. बारा वर्षांत आपण किती घरांत असे खिशातल्या पाकिटाला हात लावून बसलो असू, हा हिशेब त्यांना नकोसा झाला.

निघताना बाई त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या.

"तुमचं नाव यादीतून काढलंय. कळलं का?"

"कळलं. मकासरे स्वतः येऊन सांगून गेले. सरळ माणूस."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. न वाटायला काय झालं?" त्या पदराला हात पुसत म्हणाल्या. "लोकांनीच सुचवलं होतं माझं नाव. पण जमत नाही मला नेमानं द्यायला. एखाद्या महिन्यात हाताशी उरतं, एखाद्या महिन्यात नाही."

"वर्षाचं मी भरतो. कुणाला कळायचंही नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"मग मी मंडळीची वडील कशी? तुमची होईन."

पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा होती. विश्वजीतनी उभं राहून ते कलम रद्द करण्याचा ठराव मांडला, तेव्हा मागच्या बाकांवर एकदम कुजबुज झाली. मकासरे ताडकन उठले.

"माफ करा, मला हे पटत नाही. चर्चचं वीजबिल, पाळकसाहेबांचा पगार, सगळं देणाऱ्यांच्या जिवावर चालतं. जो स्वतः भार उचलत नाही, त्यानं खर्च कसा करायचा ते ठरवायचं? आणि ज्यांच्याकडे आहे पण देत नाहीत, त्यांचं काय? त्यांनाही मोकळं रान?"

मुद्दा खोटा नव्हता. काही जणांनी माना डोलावल्या. विश्वजीत मकासरेंकडे वळले.

"मकासरे, अशांना निवडायचं नसेल तर नका निवडू. पण त्यासाठी मत द्या. आता माझंच बघा. बारा वर्षं मी वडील आहे. या बारा वर्षांत मला एकानंही विचारलं नाही, की रणभिसे, तुम्हाला हे काम येतं का? चेक आला, एवढं तुम्ही बघितलंत. तेवढ्यावर मीही खूश होतो. मागच्या रविवारी एका आजारी माणसानं मला साधी गोष्ट सांगितली आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे होतं, त्यांच्या नावावर आपण रेघ मारली."

ते खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाळकसाहेबांनी हात वर करायला सांगितलं, मोजले, पुन्हा एकदा मोजले. ठराव नऊ मतांच्या फरकानं मंजूर झाला.

निवडणुकीत पाच जागांना सहा नावं होती. सर्वांत जास्त मतं सत्यशीला उजागरेंना पडली. सर्वांत कमी विश्वजीत रणभिसेंना.

विश्वजीत गाडीतून कर्वेनगरच्या घरी निघाले. सिग्नलला थांबल्यावर त्यांची बायको सरोजिनी म्हणाली,

"अभिनंदन."

"कशाबद्दल?"

"बारा वर्षांनी उपासनेला माझ्याशेजारी बसाल. पुढं वडिलांच्या खुर्चीत बसून डुलक्या काढता ते सगळ्या मंडळीला दिसतं."

विश्वजीत इतके मोठ्यानं हसले, की शेजारच्या स्कूटरवाल्यानं वळून पाहिलं. टोचत होतं, नाही असं नाही. पण त्या टोचण्याखाली काहीतरी सैल झालं होतं, दिवसभर घातलेला बूट काढावा तसं.

त्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी मकासरे घरी आले. सोफ्याच्या कडेवर बसले. आधी पाण्याच्या टंचाईबद्दल बोलले, मग गुडघ्यांबद्दल. सरोजिनीनं चहा ठेवला आणि म्हणाली,

"मकासरे, गुडघे राहू द्या. विचारायला आलात ते विचारा."

मकासरे कानापर्यंत लाल झाले. "तसं नाही वहिनी. कमिटीत विषय निघाला होता. म्हणजे, रणभिसेसाहेब आता पूर्वीसारखंच दान... निम्म्यांना वाटतं, थांबेल."

"आणि सत्यशीलाबाईंना?" विश्वजीतनी विचारलं.

"त्या म्हणाल्या, विचारायला जाऊ नका. थांबलं तर थांबू दे, वीजबिलाचं बघू. माणूस बारा वर्षं परीक्षेला बसल्यासारखा देत होता, त्याला जरा श्वास घेऊ द्या." मकासरेंनी मान खाली घातली. "तरी मी आलो."

खिडकीबाहेर सोसायटीतली पोरं बॅडमिंटन खेळत होती.

"मकासरे, यापुढं चेक येणार नाही."

मकासरेंनी कप हळूच बशीत ठेवला.

"उपासनेत अर्पणाची थैली फिरते ना, इतरांसारखा मी त्यात टाकीन. रोख."

"पण मग पावती कशी फाडणार? नोंद कुठं करणार?" मकासरे खरोखरच गोंधळले. "रणभिसे, तुम्ही किती टाकलंत, टाकलंत की नाही, ते आम्हाला कळणार कसं?"

"नाहीच कळणार," विश्वजीत म्हणाले आणि किटली उचलून त्यांच्या कपात आणखी अर्धा कप चहा ओतला.