काळी चारचा नियम

पिपरी मेघेच्या महिला भजन मंडळात एक रीत होती. भजन सुरू करण्याआधी पुढे बसणारीनं पट्टी मोठ्यानं सांगायची आणि पेटीवालीनं ती तितक्याच मोठ्यानं परत म्हणायची. सुलोचनाबाई म्हणत, "काळी चार." आनंदाबाई म्हणत, "चार." मग आनंदाबाईंचं बोट पेटीच्या चौथ्या काळ्या सुरावर पडे आणि मागच्या अकरा बायका टाळ-खंजिरी सरसावून बसत. बारा वर्षं हे असंच चाललेलं. सुलोचनाबाईंना आता एकोणसत्तरावं लागलं होतं, गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता, पण काळी चार काही जागची हलली नव्हती. निदान त्यांची तशी समजूत होती, आणि ती त्या अख्ख्या पिपरीला ऐकवत असत.

समजुतीला तडा गेला तो नातीच्या उपकारामुळे. आर्वीला जिल्ह्याची भजन स्पर्धा होती, दहा दिवसांवर आलेली. घरी सरावाला पेटी नाही, म्हणून वर्षालीनं आजीच्या मोबाईलमध्ये तानपुऱ्याचं अ‍ॅप टाकून दिलं आणि हवी ती पट्टी कशी लावायची ते दाखवलं. सुलोचनाबाईंनी काळी चार लावली, डोळे मिटले, अंतरा उचलला, आणि वरच्या सुराच्या अलीकडेच गळा बसला. चढावर बैल बसतो तसा बसला, उठेचना.

"हे बिघडलं वं," त्या म्हणाल्या.

"कसं बिघडन आजी? सूर हाये थो."

"मंग ही काळी चार नोहे. कंपनीनं वरची देली असन."

वर्षाली हसत सावंगीला तिच्या नर्सिंग कॉलेजात निघून गेली. दुसरी एखादी असती तर तिनं अ‍ॅपला चार शिव्या घालून विषय सोडला असता. पण सुलोचनाबाई म्हणजे दुधात पाणी किती आहे हे कळल्याशिवाय दूधवाल्याला उंबऱ्यावरून हलू न देणारी बाई. शनिवारी मंडळात तोच अंतरा सहज वर गेला. रविवारी घरी पुन्हा अडला. त्यांनी सकाळी गाऊन पाहिलं, संध्याकाळी गाऊन पाहिलं, उपाशीपोटी, जेवून, ज्येष्ठमध चघळून, उभ्यानं. देवळात एक गळा आणि घरात दुसरा, हे काय गौडबंगाल आहे ते कळेना.

"देवळात देव हाये," त्यांचे यजमान महादेवराव पेपरामागून म्हणाले. "घरी मी हाओ."

हे कारणही त्यांनी तपासलं. महादेवराव शेताकडे गेलेले असताना गाऊन पाहिलं. गळा तिथंच अडला.

मंगळवारी स्पर्धेसाठी जादा सराव ठेवला होता. त्या तासभर आधीच देवळाच्या सभागृहात गेल्या. किल्ली त्यांच्याकडेच असे. आनंदाबाईंच्या पेटीला हात लावणं म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून मसाल्याचा डबा उघडण्यासारखं होतं. सुलोचनाबाईंनी आजवर ते केलं नव्हतं. त्यांनी पेटीवरचा क्रोशाचा रुमाल बाजूला केला, मोबाईल शेजारी ठेवून काळी चार लावली, एका हातानं भाता ओढला आणि दुसऱ्या हातानं चौथा काळा सूर दाबला.

दोन्ही सूर एकमेकांशी भांडायला लागले.

त्यांनी मोबाईलचा सूर एक घर खाली आणला. भांडण चालूच. आणखी एक घर. तिसऱ्या घराला, पांढरी चारवर, दोन्ही सूर असे एकजीव झाले की मोबाईल कुठला आणि पेटी कुठली ते कळेना. सुलोचनाबाई पेटीवर ओणव्या झाल्या. जिथं कायम रुमाल असे, तिथं एक खटका होता. त्यांनी तो सरकवला. कट्ट आवाज झाला आणि अख्खी सुरांची पट्टी बोटभर बाजूला सरकली. आणखी एकदा, आणखी एकदा. तीन खटके झाले आणि पेटी खऱ्या काळी चारला आली. म्हणजे बोट दिसायचं काळी चारवर आणि सूर निघायचा तीन घरं खालचा. क्षणभर त्यांना आपल्या हुशारीचा आनंदच झाला. या शोधाचा अर्थ काय, ते त्यानंतर लक्षात आलं.

आनंदाबाई आत आल्या. घडी घातलेला रुमाल बघून त्या दारातच थांबल्या आणि मग येऊन पेटीमागे बसल्या.

"कवापासून?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"पह्यलं घर चार वर्षांआधी. हिंगनघाटच्या कार्यक्रमात तुमाले खोकला झालता ना, तवा. म्हटलं खोकला गेला का वर घेऊ." आनंदाबाईंनी खटका बोटानं चाचपला. "खोकला गेला, पन आवाज नाई आला."

"दुसरं?"

"मांगच्या सालच्या दिवाळीत. तिसरं यंदाच्या होळीले."

राग यायला हवा होता, पण त्याच्याआधी चौकशीच आली. "पन तुले समजे कसं, का आता एक घर उतरवा म्हनून?"

"तुमच्या मानेची शीर," आनंदाबाई म्हणाल्या. "अंतऱ्याले थे शीर फुगली का मी समजो. बारा वर्षं मी सुराकडं कमी अन् तुमच्या मानेकडंच जास्त पाहून राह्यली ताई."

"बाकीच्या बायकायले मालूम हाये?"

"सगळ्यायले. त्यायलेही तर तुमच्याच पट्टीत म्हना लागते. त्यायचे गळे काय जवान होऊन राह्यले?"

आता मात्र राग आला. तेरा बायकांत एकटीच येडी ठरल्याचा राग वेगळाच असतो. "मंग मले काऊन नाई सांगतलं कोनी?"

आनंदाबाईंनी रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "तुमीच तर नियम केलता. सांगतलं असतं त तुमी उठून गेल्या असत्या." मग हळू म्हणाल्या, "विमलाकाकूच्या वेळी आपल्या जुन्या पेटीले हा खटका नोता. असता त मी तवाच सरकवला असता."

हा नियम काय होता ते सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी मंडळात पुढे विमलाबाई बसत. पिपरीत पहिल्यांदा बायकांना भजनाला बसवलं ते त्यांनीच. एकदा भर कार्यक्रमात त्यांचा आवाज दोनदा फाटला, आणि पुढच्या बैठकीत सुलोचनाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की मंडळाची पट्टी काळी चार आहे. जिला ती पोचत नाही तिनं मागे बसावं, मग ती कोणी का असेना. बोलणं रास्त वाटलं. कोणी हरकत घेतली नाही. विमलाबाई मागे बसल्या नाहीत. त्या यायच्याच बंद झाल्या. लोक म्हणाले, वेळेवर सोडलं, मानानं सोडलं. आणि सुलोचनाबाई पुढे सरकल्या.

त्या मंगळवारी घसा दुखतो असं सांगून सुलोचनाबाई गायल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना त्यांनी हिशेब मांडला. नियमानं आपण आजच उठायला हवं, आर्वीच्या आधी. नाही उठलो तर विमलाबाईंना एक न्याय आणि आपल्याला दुसरा. पण उठायचं म्हटलं की हिशेब तिथंच अडायचा. शनिवारचे ते दोन तास काढून घेतले तर आठवड्यात राहतं काय, ते त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. सोडल्यानंतर बाईचं काय होतं? हे माहीत असलेली एकच बाई होती, आणि तिच्याशी बारा वर्षांत लग्नाकार्यात "बरं हाये ना" याच्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

गुरुवारी दोघींनी ऑटो केला. पेटी पायाशी ठेवली. पेटी कशाला, असं सुलोचनाबाईंनी विचारलं, तर आनंदाबाई म्हणाल्या, असू द्या.

विमलाबाई मुलाकडे सावंगीला राहत. वरच्या मजल्यावर मेडिकलची पोरं भाड्यानं, खाली त्या. एक्याऐंशीव्या वर्षी अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पेटी पाहून त्यांनी भुवया चढवल्या.

"पेटी काऊन आनली? म्हातारी गेली असं सांगतलं काय कोनं?"

सुलोचनाबाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, मोबाईलपासून खटक्यापर्यंत. विमलाबाईंचे हात शेंगांवर चालूच राहिले.

"मंग? माफी मांगाले आली?"

"मांगाची त हायेच. पन इचाराले आली काकू. तुमी सोडल्यावर कसं राह्यलं मंग?"

"मी कुठं सोडलं? तुमी सोडवलं." आवाजात राग नव्हता, नुसती दुरुस्ती होती. "पह्यले दोन वर्षं शनिवारी चार वाजले का मी भांडे घासाले बसो. घासलेले भांडे परत घासो. सून म्हने, आई, कल्हई निघते ना. मंग सवय झाली."

"तुमाले समजलंतं का, आवाज उतरला म्हनून?"

"उतरला थे मले तुयाआधी समजलंतं. उतरला म्हंजे गेला, हे तू सांगतलं."

सुलोचनाबाईंची मान खाली गेली. लाज वाटली, आणि ती अंगणातल्या उन्हासारखी सगळीकडून लागली. "मी सोडाचं म्हनतो," त्या म्हणाल्या. "आर्वीच्या आधीच. नियम माह्याच हाये."

"सोड ना. तुले कोनं धरलं?" विमलाबाईंनी हात पदराला पुसले. "पन आधी थो खटका दाखव मले. काय भानगड हाये ते पाहू दे."

आनंदाबाईंनी पेटी उघडली, भाता धरला, काळी चार वाजवली. विमलाबाई लहान पोरीसारख्या वाकून बघत होत्या. त्यांनी स्वतःच खटका एक घर खाली सरकवला. कट्ट.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

आणखी एक घर. त्यांनी सुरात आवाज लावून पाहिला, मान हलवली, पुन्हा खटका. आनंदाबाईंचं बोट काळी चारवरच होतं. चौथं घर, पाचवं, सहावं. सातव्याला विमलाबाईंनी तोंड उघडलं आणि आवाज नेमका सुरावर टेकला. त्यांनी मंडळाच्या नेहमीच्या भजनाची पहिली ओळ म्हटली. आवाज जाड झाला होता, शेवटाला थोडा थरथरला, पण सूर सरळ होता. ओळीच्या मध्ये त्यांनी एक वळण घेतलं, आणि सुलोचनाबाईंना कळलं की तेच वळण आपण बारा वर्षं चुकीचं घेत आलो. मागच्या अकरा जणींनाही चुकीचंच शिकवलं.

ओळ संपली. भाता हळूहळू बसला. विमलाबाईंनी खटक्यावर पुन्हा बोट ठेवलं.

"एवढंच होतं?"

या वेळी त्या सुलोचनाबाईंकडे बघत होत्या. पुढे बसणारीनं एक शब्द वेगळा उच्चारला असता आणि पेटीवालीनं तो परत म्हटला असता, तर ही बाई बारा वर्षं गात राहिली असती. जुन्या पेटीला खटका नव्हता हे खरं, पण खालच्या पट्टीत वाजवायला खटका लागतोच कुठं? सुलोचनाबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"नियम मोडला काकू," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आर्वीले मी पांढरी चार म्हनीन. मोठ्यानं म्हनीन, सगळ्यायले आयकू जाईन असं. अन् तुमी गाल तवा तुमची पट्टी सांगाची."

"अन् तू सोडशीन कवा?"

"मले नाई समजत. तुमीच सांगजा."

विमलाबाईंनी एक शेंग उचलून सोलली. "मी सांगीन," त्या म्हणाल्या. "पन मी बारा वर्षं थांबली हाओ. मले सांगाची घाई नाई."

मग सोललेल्या दाण्यांचं ताट त्यांनी बाजूला सारलं आणि आनंदाबाईंना विचारलं, "आर्वीले कितीले निघता?"

"सकाळी साताले."

"मंग सहाले घ्याले येजा. मले नऊवारी नेसाले टाइम लागते."