चौदा नंबरच्या दारापुढच्या चपला

मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना एक बाई अजिबात पटत नव्हती. कारण विचाराल, तर ती काहीच वाईट करत नव्हती! आता तुम्ही म्हणाल, हे काय कारण झालं? पण शेजारी नवं आलेलं बिऱ्हाड जरा जास्तच गोड बोललं, की आपण त्या दिवशी दाराची कडी दोनदा तपासतो की नाही? तसंच हे. आपल्यातले निम्मे लोक असेच आहेत, आणि हे लिहिणारा त्या निम्म्यांतलाच आहे.

ती बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायची. आता दोन गल्ल्या पलीकडच्या छोट्या चर्चतर्फे कॉलेजच्या मुलामुलींमध्ये सेवेचं काम करायची. दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीन ते पाच ती कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी बसे. समोरची खुर्ची बाहेर ओढून ठेवलेली असे आणि टेबलावर एक पुठ्ठा उभा असे: 'बोलायचं असेल तर बसा. मी चर्चतर्फे येते.' मुलींनी तिचं नाव खुर्चीताई पाडलं होतं. ज्या पाच-सहा मुलींना बायबल वाचायचं असे, त्या शुक्रवारी तिच्याबरोबर जिमखान्यामागच्या खोलीत बसत. कॅन्टीननंतर कधी ती वसतिगृहातही येई, पण भेटीच्या वेळेत आणि रजिस्टरमध्ये सही करून. प्राचार्यांची लेखी परवानगी होती.

इतकं सगळं सरळ असल्यामुळेच रेक्टरबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. सहा वर्षांपूर्वी असाच एक गोडबोल्या माणूस नोकरी लावून देतो म्हणून एका मुलीची सगळी प्रमाणपत्रं घेऊन पसार झाला होता. तेव्हापासून बाई ताकही फुंकून पीत. साठ मुली म्हणजे साठ आईबापांची अमानत, असं त्या म्हणत आणि ते मनापासून म्हणत.

मग त्यांनी कॅन्टीनच्या फेऱ्या वाढवल्या. बिनसाखरेचा चहा घेऊन खांबाआड बसायचं आणि कान टवकारायचे. दोन तासांत खुर्चीताई जेमतेम चार वाक्यं बोलली. समोरची मुलगी मात्र बोलत होती, रडत होती, नाक पुसत होती आणि पुन्हा बोलत होती. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला बाईंनी बाजूला घेऊन खडसावलं, की ती बाई तुम्हाला सांगते तरी काय? मुलगी म्हणाली, काही सांगत नाहीत, ऐकतात. झालं! आजकाल दोन तास फुकट कोण कुणाचं ऐकतं? घरात नवरा ऐकत नाही. पाणी कुठेतरी मुरतंय, हे बाईंचं नक्की झालं.

बाईंच्या स्वतःच्या कामात मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. रोज संध्याकाळी सात वाजता हजेरी. पूर्वी त्या प्रत्येक दार वाजवत. मग गुडघे कुरकुरू लागले आणि अभ्यास मोडतो म्हणून मुलीही कुरकुरू लागल्या, तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. बाहेरच्या चपला खोलीत न्यायच्या नाहीत, दारापुढेच काढायच्या, असा नियमच केला. सात वाजता बाई व्हरांड्यातून चालत जात, चपलांचे जोड पाहत आणि रजिस्टरमध्ये खुणा करत. चपला आहेत म्हणजे मुलगी आहे. दोन मजल्यांची हजेरी अकरा मिनिटांत आटपे. रेक्टरांच्या एका सभेत त्यांनी ही युक्ती सांगितली, तेव्हा दोघीतिघींनी ती लिहूनही घेतली होती.

अशात एका गुरुवारी खुर्चीताई भेटीच्या खोलीत आपली वही विसरून गेली.

दुसऱ्याची वही उघडू नये, हे बाई मुलींना दरवर्षी सांगत. त्यांनी ती उघडली. आत मुलींची नावं नव्हती, खोल्यांचे नंबर होते. 'खोली तीन: आईचं ऑपरेशन सोमवारी. विचारणे.' 'खोली नऊ: ठरलेलं लग्न मोडलं. उगाच हसवायला जाऊ नये.' 'खोली चौदा: नापास झाल्याचं घरी सांगितलेलं नाही. जेवण कमी. दार वाजवून थांबणे.' काही ओळींपुढे पेन्सिलीनं छोटे क्रूस काढलेले होते.

म्हणजे ही बया मोडलेल्याच मुली हेरते! जिचं दुखतंय तिथेच बोट घालते, आणि जी गळाला लागली तिच्यापुढे क्रूस काढते. दुसऱ्या दिवशी वही प्राचार्यांच्या टेबलावर होती. प्राचार्य सावध माणूस. चौकशी होईपर्यंत खुर्चीताईनं कॉलेजात आणि वसतिगृहात पाऊल ठेवू नये, असं पत्र त्यांनी काढलं. बाईंना त्या रात्री शांत झोप लागली.

शनिवारी खुर्चीताई फाटकाशी आली. वही परत मागेल, रडेल, भांडेल, म्हणून बाई पदर खोचूनच गेल्या. ती भांडली नाही.

"बाई, मला येऊ देऊ नका. तो तुमचा अधिकार आहे," ती म्हणाली. "पण मंगळवारी चौदा नंबरचं दार कुणीतरी वाजवा. ती पहिल्यांदा उघडत नाही. थांबावं लागतं."

"माझ्या वसतिगृहाची काळजी घ्यायला मी खंबीर आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाटक लावून घेतलं. परत येताना त्यांना आपलाच थोडा अभिमान वाटला.

मंगळवार आला आणि गेला. सात वाजता बाईंनी फेरी मारली. चौदा नंबरपुढे चपला होत्या. त्या खोलीतली दुसरी मुलगी मागच्या सत्रात कॉलेज सोडून गेली होती, त्यामुळे एकच जोड असे, निळ्या पट्ट्यांचा. हजर. बुधवारी हजर. गुरुवारी हजर. अख्खा आठवडा हजर.

पुढच्या सोमवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या मावशी ऑफिसात आल्या. वीस वर्षं त्या मुलींना जेवायला वाढत होत्या, पण ऑफिसची पायरी त्या सहसा चढत नसत. प्रत्येक मुलीचं नंबराचं ताट होतं, आणि चौदा नंबरचं ताट शुक्रवारपासून ओलं झालं नव्हतं. पोट बिघडलंय, असं ती आधी दाराआडून म्हणाली होती. वर पाठवलेलं दूध तसंच परत आलं. आज तर दाराआडून आवाजही आला नव्हता.

बाईंनी रजिस्टर उघडून मावशींपुढे सरकवलं. खुणांची ओळ कशी सरळ होती, कुठे खंड नाही.

"हजर आहे ती, मावशी. एकही दिवस चुकलेला नाही."

"हजर आहे हो. पण कशी आहे, ते कुठल्या रकान्यात लिहिता?"

मावशींनी खुर्चीही घेतली नाही, उभ्यानंच बोलत राहिल्या.

"ती खुर्चीवाली यायची, तेव्हा मंगळवार-गुरुवार ही पोर तिच्याबरोबर खाली जेवणघरात उतरायची. तिच्यासमोर बसून चार घास खायची. मी पाहायची ना वाढताना. तिला तुम्ही बंद केलंत, ठीक आहे. तुम्हाला शंका आली, तुम्ही मोठ्या आहात. पण तिचं काम कुणाला लावून दिलंत?"

एवढं बोलून मावशी जिन्याकडे निघाल्या. बाई त्यांच्यामागे गेल्या.

चौदा नंबरपुढे निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या. बाईंनी त्या रोज पाहिल्या होत्या, पण त्या पहिल्यांदाच वाकून पाहत होत्या. तळव्यांवर धूळ बसली होती. दोन चपलांच्या मध्ये कोळ्यानं धागा विणला होता. चपला खोटं बोलल्या नव्हत्या. मुलगी आतच होती. इतके दिवस ती कुठे गेलीच नव्हती!

त्यांनी दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. मावशी म्हणाल्या, बढईला बोलावून कडी तोडू या, आणि त्या बढईला आणायला धावल्या. बाईंना तेवढ्यात फाटकावरचं बोलणं आठवलं. थांबावं लागतं. त्या आपल्या दुखऱ्या गुडघ्यांसकट फरशीवर बसल्या, त्या चपलांशेजारी. साठ मुलींना शिस्त लावणाऱ्या बाईंना एका बंद दाराशी बोलायला शब्द सापडेनात. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, की मी इथे बाहेर बसलेय, तू उठशील तेव्हा उठ, मी कुठे जात नाही. मग दर थोड्या वेळानं हळूच दार वाजवत राहिल्या.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. दारात मुलगी भिंतीला धरून उभी होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले.

"ताई आल्या का?" तिनं विचारलं.

"नाही गं. मी आलेय."

मुलगी बाईंकडे पाहून घाबरली. "मी खोलीतच होते, बाई. खरंच. हजेरी चुकवली नाही मी."

असं म्हणून ती खाली बसली. बाईंनी तिला जवळ ओढलं आणि त्या रडल्या, व्हरांड्यात, गोळा झालेल्या मुलींदेखत. बढईला घेऊन आलेल्या मावशी जिन्यातच थबकल्या.

दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावावं लागलं. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. नापास झाल्यावर वडील कॉलेज सोडायला लावतील, या धसक्यानं मुलीला अंथरुणातून उठावंसंच वाटत नव्हतं. बाईंनी स्वतः वडिलांना फोन केला. निकालाचं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की ती जेवली का?

तिसऱ्या दिवशी बाई वही घेऊन चर्चमध्ये गेल्या. खुर्चीताई बाकं पुसत होती. बाईंनी आधी चौदा नंबरची खुशाली सांगितली. मग माफी मागितली. पण बाई त्या बाईच, मनातली शंकाही त्यांनी विचारूनच टाकली, की तुम्ही या मुलींना तुमच्या धर्मात ओढता की नाही?

"कुणी माझ्या देवाबद्दल विचारलं तर सांगते. मी ते लपवत नाही, म्हणून तर पुठ्ठा ठेवते," ती म्हणाली. "क्रूस आहेत ते, कुणासाठी त्या आठवड्यात घरी प्रार्थना केली त्याची खूण आहे. चौदा नंबरनं मला देवाबद्दल कधीच विचारलं नाही. ती रडायची, मी बसायची."

मग तिनं वही हातात घेऊन पानं चाळली.

"तुमची निम्मी शंका बरोबर होती, बाई. मला विसरायची सवय आहे म्हणून लिहायची, पण पोरींनी विश्वासानं सांगितलेलं असं लिहून ठेवायला नको होतं. कुणाच्याही हाती पडलं असतं. ही चूक माझी."

त्या वहीची पानं दोघींनी मिळून फाडली. परवानगी परत मिळाली, पण दोन अटींवर: मुलीनं बोलावल्याशिवाय खोलीवर जायचं नाही आणि काहीही लिहून ठेवायचं नाही. अटी खुर्चीताईनंच सुचवल्या होत्या.

वाचकहो, संशय घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्यांची लेकरं ज्यांच्या हवाली आहेत, त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलंच पाहिजे. पण ज्याच्यावर संशय आहे त्याला जरूर प्रश्न विचारा, समोर बसवून विचारा, आणि त्याचं काम बंद करण्याआधी स्वतःलाही एक प्रश्न विचारा: उद्यापासून हे काम कोण करणार? उत्तर 'मी' असेल, तरच फाटक लावा. एखादं माणूस जागेवर आहे एवढ्यावर समाधान मानणं, ही आपल्या घरांना, शाळांना, कचेऱ्यांना जडलेली खोड आहे. ती सोडायला हवी.

आता हजेरीला अकरा मिनिटं पुरत नाहीत, तास लागतो. गुडघे अजून कुरकुरतात, मुलीही कुरकुरतात. बाई प्रत्येक दार वाजवतात. चौदा नंबरपाशी पहिल्या टकटकीला अजूनही उत्तर येत नाही. बाई रजिस्टर खाली ठेवतात आणि थांबतात.