पियानोवरचा पाठमोरा माणूस

रोझविथाबाई वरच्या मजल्यावर राहायच्या आणि मनोरमाबाई खालच्या. ओळख झाली ती जिन्यात. स्टुटगार्टच्या त्या इमारतीत जिना झाडायची पाळी दर आठवड्याला फिरायची, आणि सून ऊर्मिला व मुलगा हृषिकेश दोघंही दिवसभर कंपनीत, म्हणून घरची पाळी मनोरमाबाईंनी स्वतःहून उचलली होती. नवरा गेल्यावर त्या साताऱ्याहून इथे आल्या होत्या. त्यांना जर्मन येत नव्हतं, रोझविथाबाईंना मराठी. तरी जिना झाडून झाला की दोघी कॉफी प्यायच्या, आणि फारच अडलं तर ऊर्मिलाला हाक मारायच्या.

रोझविथाबाई सत्तरीला टेकलेल्या. रंग गडद, केस बारीक कुरळे, आणि बोलणं इतकं अस्सल इथलं, खेडवळ वळणाचं, की ऊर्मिलालाही निम्मं कळायचं नाही. तरी दुकानात, दवाखान्यात लोक अजून विचारायचे, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"बाड कानश्टाटची," म्हणजे याच शहरातल्या एका भागाचं नाव त्या सांगायच्या. समोरच्याचं समाधान व्हायचं नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्या खाली आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"रविवारी दुपारी एक कार्यक्रम आहे. तुम्ही दोघी याल माझ्याबरोबर? एकटीला धीर होत नाही."

काळ्या लोकांच्या इतिहासाच्या महिन्याचा, ब्लॅक हिस्टरी मंथचा कार्यक्रम होता. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याचा तळ इथे होता, आणि शहरात पन्नासच्या दशकात त्या सैनिकांचा एक क्लब होता. काळ्या सैनिकांना दुसरीकडे फारसं कुणी आत घेत नसे, म्हणून ते तिथे जमायचे. तिथलं कुणीतरी घरगुती कॅमेऱ्याने केलेलं चित्रीकरण एका माळ्यावर सापडलं होतं. त्यात आवाज नव्हता, म्हणून चित्र चालू असताना समोर वादक वाजवणार होते.

"माझे वडील तिथे पियानो वाजवायचे," रोझविथाबाई म्हणाल्या. "म्हणजे आई तसं सांगायची. मी जन्मायच्या आधीच सैन्याने त्यांना अमेरिकेला परत पाठवलं. लग्नाची परवानगी मिळाली नाही. नाव तेवढं माहीत आहे, रेमंड. फोटो नाही."

ऊर्मिलाने सांगितलेलं मनोरमाबाईंनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "किती वाजता निघायचं?"

जुन्या थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. घाना, इरिट्रियाची कुटुंबं, पिढ्यान्‌पिढ्या इथेच वाढलेले काळे जर्मन, त्यांची बागडणारी मुलं. बाहेर कुणी केळी तळत होतं. आमा नावाची कोलोनची तरुण पियानोवादक पुढे आली.

"आपल्या माणसांबद्दल शाळेत आपल्याला कुणी काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "आज बघू या, ऐकू या आणि वाटलं तर नाचू या."

अंधार झाला. पडद्यावर धुरकट माणसं हलायला लागली. गणवेशातले, सुटातले तरुण, घेरदार झग्यातल्या मुली. कुणी नाचताना गिरकी घेतली की सभागृहातून आरोळी उठायची. ड्रम आणि सॅक्सोफोन असे काही लागले होते की मनोरमाबाईंचाही पाय ठेका धरायला लागला.

मग क्लबातलं व्यासपीठ दिसलं. कडेला पियानो आणि त्यापुढे पाठमोरा बसलेला माणूस. रोझविथाबाईंनी मनोरमाबाईंचा हात धरला. पांढरी कॉलर, मान, हलणारे खांदे. कुणीतरी हाक मारली असावी. तो हसत मागे वळला, आणि तेवढ्यात चित्र उडी मारून रस्त्यावरच्या जीपवर गेलं.

दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. रोझविथाबाई बसूनच होत्या.

"दिसले?" ऊर्मिलाने विचारलं.

"कळलंच नाही. पटकन गेलं."

मनोरमाबाई उठल्या. "त्यांना सांग, परत लावा म्हणावं."

"आई, असं कसं? आता पुढचा कार्यक्रम आहे."

"मग मी सांगते."

साडीवर जाडजूड कोट, पायांत बूट, अशा त्या थेट आमासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "परत दाखवा," पडद्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "बिट्टे." 'कृपया' एवढं जर्मन त्या शिकल्या होत्या. ऊर्मिला मागून धावत गेली आणि तिने सगळं सांगितलं. आमा ऐकत राहिली. मग ती खाली उतरली आणि रोझविथाबाईंपाशी बसली.

"परत लावते. वाजवू की नको?"

"वाजवा."

चित्रात पियानो आला तेव्हा बाकीचे वादक आपोआप थांबले. एकटी आमा वाजवत होती, पडद्यावरच्या खांद्यांकडे बघत बघत. तो वळला, आणि चित्र तिथेच थांबवलं गेलं. अस्पष्ट, हसरा, जेमतेम विशीतला चेहरा.

रोझविथाबाई उठून पडद्याजवळ गेल्या.

"असतील. नसतीलही," शेवटी त्या म्हणाल्या. "मी कशी ओळखणार?" आणि मग हळूच, "किती लहान आहे हा. माझ्या मुलापेक्षाही लहान."

नावं शोधून बघते, असं आमा म्हणाली. "बघा," रोझविथाबाई म्हणाल्या. नंतर खुर्च्या बाजूला सरकवल्या गेल्या, नाच सुरू झाला. एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी हात पुढे केला तेव्हा त्या नाही म्हणाल्या नाहीत. नाचताना मात्र त्यांची नजर परत परत रिकाम्या पडद्याकडे जात होती.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे शहराच्या लोकल गाडीत, रोझविथाबाईंनी ऊर्मिलाला विचारलं, "मानो अशी का उठली?" मनोरमाबाईंना त्या मानो म्हणायच्या.

मनोरमाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. ऊर्मिलाने त्यांना प्रश्न मराठीत सांगितला. "मला जन्म दिला आणि माझी आई गेली," त्या म्हणाल्या. "तेव्हा आमच्यात फोटो कोण काढतंय. काकी म्हणायची, हनुवटी तुझ्यासारखी होती. लहानपणी मी आरशात हनुवटीच बघत बसायचे. बाकीचा चेहरा हाताने झाकून."

ऊर्मिला इतकी वर्षं या घरात होती, पण हे तिने कधी ऐकलं नव्हतं. जर्मनमध्ये सांगताना तिला मध्ये थांबावं लागलं.

रोझविथाबाईंनी मनोरमाबाईंच्या हनुवटीकडे निरखून पाहिलं. "नाव काय होतं त्यांचं?"

"चंद्रभागा." ते नाव मोठ्याने उच्चारून मनोरमाबाईंना किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"त्शांद्रा..." रोझविथाबाई अडखळल्या.

"चंद्र," मनोरमाबाई म्हणाल्या. "भागा."

"चांद्र. बागा."

"भा. भा."

समोर बसलेला माणूस वर्तमानपत्र खाली घेऊन बघायला लागला. दोघींचं तिकडे लक्ष नव्हतं. उतरायचं स्टेशन येईपर्यंत त्या ते नाव म्हणत राहिल्या.