मोहिनीचं रक्त

मृत्युंजयअप्पांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अहमदपुरातली अर्धी गल्ली मोहिनी नावाची हडळ बघायला आली होती, उरलेली अर्धी मोहिनीनं धरलेला माणूस बघायला.

तो माणूस म्हणजे मृत्युंजयच. हळदीचा हा सरळमार्गी व्यापारी दिवाळीनंतर दोन महिने अंथरुणाला खिळून होता. मग एकाएकी उठला तो झोपच विसरून. रात्रभर बडबड, वाट्टेल ती खरेदी आणि मोबाईलवर नको ते व्हिडिओ. दुकानात, जेवताना, पूजेला बसल्यावरसुद्धा. एकदा त्यानं स्वतःच मोबाईल विहिरीत टाकला आणि संध्याकाळी नवा आणला. त्या रात्री तो बायकोपुढे ढसाढसा रडला. "शिवकांता, मला नको वाटतंय गं. पण थांबताच येत न्हाई."

ती लातूरच्या मनोविकाराच्या डॉक्टरांकडे चला म्हणाली, तर दीर म्हणाले, चारचौघांत अब्रू जाईल. आणि मग त्यांनीच मोहिनी उतरवायला चारशे माणसांपुढे जटाशंकर महाराजांना आणून बसवलं.

महाराजांनी रुग्णाच्या कपाळाला हळद फासली, तांब्यातलं नितळ तीर्थ शिंपडलं. कपाळ लालभडक झालं.

"मोहिनीचं रक्त हाय हे," महाराज गरजले. "मांडीवर डागणी दिल्याबिगर ती सुटत न्हाई."

चुलीत विळा तापत होता.

इतक्यात सासू नागम्मा पुढे आल्या. लेकाच्या गालाला लागलेली पिवळी हळद त्यांनी मायेनं बोटांनी पुसली, तर गालही लाल! महाराज जराही डगमगले नाहीत. मोहिनी म्हातारीत शिरली म्हणाले. पंच्याहत्तरीच्या नागम्मांनी तोंडातलं पान एका गालात सारून विचारलं, तिला गल्लीत दुसरं कुणी तरणंताठं गावलं न्हाई का. अंगण खदखदून हसलं.

शिवकांता हसली नाही. सासूच्या बोटांना पानाचा चुना होता, तो तिनं पाहिला.

"महाराज, आधी तुमची पूजा," म्हणत तिनं त्यांच्या कपाळाला हळद फासली आणि त्यांचाच तांब्या डोक्यावर उपडा केला. महाराज नाकापर्यंत लाल झाले.

"आता विळा कुणाच्या मांडीवर ठेवायचा?" तिनं विचारलं.

तांब्यात चुन्याची निवळी होती. हळदीला चुना लागला की ती लाल होते. पिढ्यान्‌पिढ्या हळद विकणाऱ्या घराला भीतीपायी तेवढंही सुचलं नव्हतं. महाराज लाल तोंडानंच मागच्या दारानं पसार झाले.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी नीट विचारपूस केली. मन कधी पार खचतं, कधी उधाणतं, असा हा आजार आहे. उधाणात वासनेचा लगामही सुटतो. अशा वागण्याचं मूळ कुणाच्या बाबतीत चिंतेत असतं, कुणाच्या व्यसनात, म्हणून आधी तपासायचं, असं त्या म्हणाल्या. गोळ्या, वेळेवर झोप, मोकळं बोलणं सुरू झालं. घर सावरायला वेळ लागला, पण सावरलं.

परवा दुकानात एकानं डोळा मिचकावून विचारलं, मोहिनी गेली का.

"मोहिनी नव्हतीच," मृत्युंजय सगळ्यांदेखत म्हणाला. "आजार हाय. गोळ्या चालू हायत."

विचारणाऱ्याचं हसू मावळलं. तो हळूच म्हणाला, "त्या बाईंचा पत्ता द्या की. धाकट्या भावासाठी पायजे."

डागणीनं कातडी जळते, आजार जळत नाही. ताप आला की दवाखाना गाठतो ना आपण? मग मनालाच तेवढा विळा कशाला?